चौथ्या सिलिंडरचं मिसिंग

सोमवारी सकाळी साम्चॉक गावच्या चढावर गू बोंगशिकच्या टेम्पोचं इंजिन मिसिंग मारू लागलं, गाडीला धक्के बसू लागले आणि सहा ट्रे अंडी जागच्या जागी फुटली. टेम्पो तीन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर चाललेला होता. अंड्यांची जाहिरात करणारा कर्णा बंद करून त्याची बायको ओकबुन म्हणाली, "शनिवारपर्यंत धक्के थांबले नाहीत तर हा भंगारात आणि नवा दारात. शब्द द्या."

बोंगशिकने शब्द दिला खरा, पण एकोणीस वर्षं ज्या गाडीत डबा खाल्ला ती तोडायला द्यायची नव्हती, म्हणून त्याने टेम्पो थेट गॅरेजात नेला.

गॅरेजवाल्या प्योचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असं स्वतः प्योच सांगत असे. त्याने सीट उचलून खालच्या इंजिनाला कान लावला.

"दादा, तीन नंबरचा सिलिंडर झोपलाय."

त्याने प्लगची अदलाबदल करून पाहिली, मग तीन नंबरची वायर बदलली. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. मंगळवारी एक नंबर झोपला. बुधवारी दोन.

"रात्री गाडी कुठं असते?" प्योने विचारलं.

"अंगणात."

"एकटीच?"

गुरुवारी पुन्हा तीन नंबर गेला, तोही नव्याकोऱ्या वायरीसकट. प्योने कॉइल बदलली, गॅसचा पाइप साफ केला आणि गिऱ्हाइकांशी बोलणं सोडलं. शुक्रवारी विजेरी घेऊन तो गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळाने त्याने सुक्या माशाचं एक मुंडकं बाहेर टाकलं. त्याला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. मग दुसरं. एकूण सहा निघाली. वायरींवर बारीक दातांच्या खुणा होत्या.

"दादा, इथं रोज उंदरांची पंगत बसत होती. मासा जेवायला आणि वायर मुखशुद्धीला."

बोंगशिकच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीला अपघात होऊ नये म्हणून दोरा गुंडाळलेला मासा बांधायचा, हे खातं घरात आईचं. तो तडक घरी गेला.

"आई, सहा-सहा मासे बांधतात का कुणी?"

"एकच बांधला रे मी, नवीन वर्षाला," त्र्याऐंशी वर्षांची आई ठणकावून म्हणाली. "एकदा बांधला की परत हात लावायचा नसतो, एवढं कळतं मला."

"मग उरलेले पाच?"

ओकबुन सोललेला लसूण पुन्हा सोलत होती.

"अगं?"

"नव्या टेम्पोची सीट मागं कलते," ती मान वर न करता म्हणाली. "एकोणीस वर्षं ताठ बसून अंडी विकतेय मी. कधी विचारलंत?"

कधीच विचारलं नव्हतं. रागावायचं ठरवून आलेल्या बोंगशिकला आता स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी टेम्पो चढावर एकदाही अडखळला नाही. ओकबुन मांडीवर ट्रे घेऊन ताठ बसली होती. वर पोचल्यावर बोंगशिकने कान टवकारले.

"मिसिंग मारतोय."

"कुठं? लोण्यासारखा चाललाय की."

"चार नंबर गेलाय."

"अहो, याला तीनच आहेत."

"तेच तर. आता हे दुखणं कोण बरं करणार?" असं म्हणून त्याने टेम्पो शोरूमच्या रस्त्याला वळवला.