नाजूकपणाचा दाखला

बाळांनो, एका जंगलात पाण्याचे घाट दोन होते. एकावर जांभळीची सावली होती आणि पाणी नितळ होतं. दुसऱ्यावर चिखल होता आणि चिखलात एक म्हातारा मगर होता.

सावलीचा घाट फक्त नाजूक माद्यांसाठी राखून ठेवलेला. नाजूक कोण, हे ठरवायला समिती होती. समितीत सगळे नर होते. नाजूकपणा लांबून बघणाऱ्यालाच नीट दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

कुसुंबी नावाची एक तरुण साळू रोज चिखलाच्या घाटावर जाई. अंगावर वीतवीतभर काटे, चाल डुगडुगती. मगर रोज एक डोळा उघडून विचारी, "आज पण एकटीच?" की कुसुंबी अर्ध्या तहानेनंच परत फिरे. घसा कोरडा पडून पडून तिचा आवाज बसला होता.

"दाखला काढ बाई एकदाचा," तिची मैत्रीण सशीण म्हणाली. "परीक्षा सोपी असते. ते मागून काटकी मोडतात. आपण दचकायचं."

"एवढंच? मी तर वाळकं पान पडलं तरी दचकते."

"तसं खरंखुरं नको गं. आधी पापण्या खाली, मग पंजा छातीवर, मग अर्धं पाऊल मागे. आणि शेवटी 'इश्श'. मला महिना लागला बसवायला."

दचकणं कसं बसवतात ते मला विचारू नका, बाळांनो. मी कुकरच्या शिट्टीला दचकते आणि हातातली कणीक छताला लावते. मला अजून कुणी नाजूक म्हटलेलं नाही.

तर, परीक्षेच्या दिवशी अध्यक्ष कोल्ह्यानं कुसुंबीच्या मागे काटकी मोडली. तिनं पापण्या खाली घेतल्या. पंजा छातीपर्यंत नेला. आणि तेवढ्यात ती खरंच दचकली. खुळखुळ करत सगळे काटे उभे राहिले. सदस्य रानडुक्कर चघळत असलेला कंद टाकून झाडामागे गेलं.

"हे घाबरणं नव्हे," कोल्हा जरा लांबून म्हणाला. "ही धमकी आहे."

"अहो काका, घाबरलेच की मी. बघा ना, पाय लटपटतायत."

"घाबरली असशील. पण बघणाऱ्याला बरं वाटेल अशी घाबरली नाहीस. नापास."

नेमका त्याच वेळी जांभळीवरून बिबट्या उतरला. त्याला परीक्षेचं काही ठाऊक नव्हतं, भूक तेवढी होती. मागून त्यानं कुसुंबीवर झेप घेतली. कुसुंबी पुन्हा दचकली. या वेळी ती अर्धं पाऊल मागे सरकायला विसरली नाही.

धुरळा बसल्यावर समितीनं डोकं बाहेर काढलं. बिबट्या मातीत बसला होता. नाकात तीन काटे, खांद्यात चार. पापण्या खाली, पंजा छातीवर. "जरा कुणी काढून देईल का," तो इतकं हळू म्हणाला, की ऐकायला वाकावं लागलं. कोल्ह्याच्या पायाखाली काटकी मोडली, तर बिबट्या बसल्या बसल्या अर्धं पाऊल मागे सरला.

कोल्ह्याला भरून आलं. "बघितलंत? याला म्हणतात नाजूक. शिकवून येत नाही हे."

"पण तो नर आहे," रानडुक्कर म्हणालं.

"असू दे. इतक्या वर्षांत असं लोभस दचकणं पाहिलं नव्हतं."

दाखला बिबट्याला मिळाला. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात दाखला अडकवून सावलीच्या घाटावर हक्कानं येऊन बसला. रीतसर नाजूक माद्या धावत कुसुंबीकडे गेल्या.

"तू आमच्याबरोबर चल, बाई."

"माझ्याकडे दाखला नाही."

"दाखला आमच्याकडे आहे गं," सशीण धापा टाकत म्हणाली. "काटे नाहीत."

कुसुंबी निघाली. तिचे पाय आजही लटपटत होते, आणि पाय लटपटले की काटे वाजत होते. बिबट्यानं ते ऐकलं. तो "इश्श" म्हणाला आणि अंग चोरून निघून गेला. कुसुंबी वाकली आणि पोट टम्म होईपर्यंत नितळ पाणी प्यायली. दाखला कुणी विचारला नाही.

तात्पर्य: मुलींनो, नाजूकपणा स्वतःच्या अंगी बाणवत बसू नका. तो दुसऱ्याच्या अंगात घालता येतो, आणि तिथे जास्त शोभतो.