मातोश्रींसाठी दोन मिनिटं शांतता

"गाणं गाणाऱ्यालाही जी गोष्ट ठाऊक नसते, ती मला ठाऊक असते!" असं किस्सेमहाराज चारचौघांत छाती फुगवून सांगत. यात तसूभरही खोटं नव्हतं. गाणाऱ्याला ती ठाऊक असणार कशी? ती महाराजांनी आदल्या दिवशी दाढी करताना रचलेली असे!

महाराज रेडिओवर निवेदक होते. दर रविवारी सकाळी ऐंशीच्या दशकातली गाजलेली गाणी वाजवायची आणि एकेका गाण्यामागची गोष्ट सांगायची, हे त्यांचं काम. ज्यांनी पेन्सिल घालून कॅसेटी गुंडाळल्या, चमचमतं जाकीट घालून आरशासमोर कंबर हलवली आणि आता त्याच कंबरेला पट्टा बांधल्याशिवाय ज्यांना खुर्चीतून उठता येत नाही, ती सगळी मंडळी महाराजांची भक्त. महाराजांच्या गोष्टीत गीतकार सिगारेटच्या पाकिटावरच लिहायचा, संगीतकाराला चाल न्हाव्याच्या खुर्चीतच सुचायची आणि गायिका तापानं फणफणलेलीच असायची. त्यांचं ऐकलं तर त्या दहा वर्षांत एकही गाणं कोऱ्या कागदावर किंवा कोरड्या डोळ्यांनी झालेलं नव्हतं!

पण भक्त म्हातारे झाले आणि जाहिराती आटल्या. एक दिवस मॅनेजरबाईंनी महाराजांना केबिनमध्ये बोलावलं.

"तुमची वेळ केसांच्या तेलवाल्यांना हवी आहे. टक्कल आणि उपाय, असा कार्यक्रम करणार आहेत."

"आणि मी?"

"पहाटेचं 'हरवले-सापडले' वाचा की! आवाज चांगला आहे तुमचा."

ज्या जिभेनं अर्ध्या जगाला रडवलं, तिनं आता 'चॉकलेटी रंगाची छत्री, दांडा मोडलेला' असं वाचायचं? महाराजांनी ठरवलं, आता ठेवणीतलं अस्त्र काढायचं.

त्या काळात एक गाणं तुफान चाललं होतं. इलेक्ट्रिक ड्रम, कीबोर्ड, सगळा धुमाकूळ. आणि तिसऱ्या कडव्याआधी अचानक सगळं गप्प! चार ठोके नुसती शांतता. मग धाडकन ड्रम पडायचा. लग्नात, गॅदरिंगला, जिथं म्हणून ते वाजे तिथं नाचणारी माणसं त्या चार ठोक्यांना एक हात वर करून पुतळ्यासारखी उभी राहत. ती शांतता का, हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे महाराजांना मोकळं रान!

पुढच्या रविवारी त्यांनी आवाज खर्जात नेला. "श्रोतेहो, गाणं रंगात आलं होतं... इतक्यात कोणीतरी काचेपलीकडून चिठ्ठी दाखवली. गायिकेची आई गेली होती! सगळे वादक थांबले. तिनं हुंदका गिळला... आणि पुढचं कडवं गायलं. ती शांतता म्हणजे, श्रोतेहो, एका लेकीनं गिळलेला हुंदका आहे!"

दुपारपर्यंत फोन थांबेनात. माणसं ढसाढसा रडत होती. ज्या गाण्यावर आपण कंबर हलवली त्यात एक मयत होती, या विचारानं कित्येकांना जेवण गेलं नाही. खुद्द तेलवाल्याचा फोन आला, "टक्कल राहू द्या, याच कार्यक्रमाला पैसे देतो!" महाराज बागेतल्या मोरासारखे ऑफिसभर फिरले.

मॅनेजरबाईही खूश झाल्या. इतक्या खूश, की त्यांनी परस्पर एक काम केलं.

"येत्या रविवारी थेट प्रक्षेपण! खुद्द गायिकाबाईंनाच बोलावलंय!"

महाराजांनी लगेच आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहिला. तो रविवारपर्यंत मॅनेजरबाईंच्या टेबलावरच मुक्कामाला राहिला.

रविवारी गायिकाबाई आल्या. केस काळेभोर, साडीला टिकल्या, डोळ्यांवर मोठा गॉगल. पाठोपाठ काठी टेकत एक वाकलेल्या म्हातारबाई आल्या आणि आल्या आल्या कोपऱ्यातली बरी खुर्ची पकडून बसल्या.

"या कोण?" महाराजांनी घाबरत घाबरत विचारलं.

"ही माझी आई."

महाराजांनी भिंत धरली.

"घरी एकटी ठेवली की गॅस चालू ठेवून झोपते," गायिकाबाई म्हणाल्या. मग महाराजांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अहो, घाबरता काय! तीस वर्षं मला कोणी विचारत नव्हतं. तुम्ही आईला मारलंत आणि माझे कार्यक्रम जिवंत झाले! पुढचे तीन महिने तारखा नाहीत माझ्याकडे. फक्त हिला माईकपाशी येऊ देऊ नका."

"त्यांना माहीत आहे... त्या गेल्या ते?"

"तिला कमी ऐकू येतं."

मातोश्रींना काचेपलीकडच्या खोलीत इंजिनीअरशेजारी बसवलं आणि हातात बिस्किटांचा पुडा दिला. पण माणूस कितीही चतुर असला तरी एक गोष्ट विसरतोच. त्या खोलीत भिंतीएवढे दोन स्पीकर होते!

लाल दिवा लागला. गायिकाबाईंनी महाराजांचीच गोष्ट सांगायला घेतली, पण पदरचा मालमसाला घालून. चिठ्ठीच्या जागी धावत आलेला शेजारी आला. गिळलेल्या हुंदक्याचे दोन हुंदके झाले. महाराजांना जरा रागच आला. आपली म्हैस आणि दूध दुसऱ्यानंच काढायचं म्हणजे काय!

"आणि आईचा शेवटचा शब्द होता," गायिकाबाईंनी पदर डोळ्याला लावला, "'गा!'"

काचेपलीकडे मातोश्रींचं बिस्कीट तोंडापाशीच थांबलं. त्या उठल्या. इंजिनीअर "आजी, आजी, लाल दिवा!" म्हणेपर्यंत त्यांनी काठीनं दार ढकललं.

"अगं ए! मी 'गा' कधी म्हटलं? 'घरी चल' म्हटलं होतं!"

महाराजांचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि त्यांनी आवाज खाली ओढला. साऱ्या गावच्या रेडिओवर शांतता पसरली.

"काय केलंस रे?" मातोश्री त्यांच्यावर काठी रोखून म्हणाल्या. "बंद केलंस ना? तेव्हाही हेच केलं त्या मेल्यांनी! पोरगी डबा विसरून गेली, म्हणून मी तो घेऊन स्टुडिओत गेले. दार ढकललं आणि म्हटलं, किती वेळ तेच तेच गातेस, घरी चल! सगळं टेपवर उमटलं. मग बसले ब्लेड घेऊन! मला कापून टाकलं आणि तिथं कोरी टेप चिकटवली. लोक हात वर करून उभे राहतात ना, ती माझी जागा आहे, माझी! आयुष्यात एकदाच गाण्यात गेले होते मी..."

म्हातारीचा आवाज फाटला. आणि महाराजांना, खरं सांगायचं तर, लाज वाटली. या बाईला एकदा ब्लेडनं कापलं होतं, एकदा आपण मारलं होतं आणि आता तिसऱ्यांदा तिचं तोंड दाबून बसलो आहोत. समोर गायिकाबाई हातवारे करून 'नको, नको' म्हणत होत्या. महाराजांनी बटण वर केलं.

"श्रोतेहो, ज्यांच्या निधनाची गोष्ट मी सांगितली, त्या मातोश्री इथं उभ्या आहेत. आता त्यांच्याच तोंडून खरी गोष्ट ऐका."

मातोश्रींनी मन भरेपर्यंत सांगितलं. महाराजांना हलकं हलकं वाटलं. सत्याला मरण नाही, असं ते मनाशी म्हणाले. तेवढ्यात फोन खणाणला.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माउलीची नक्कल करता?"

दुसरा फोन. "आवाजावरूनच कळलं, ही ती आई नव्हेच! आई अशी खेकसून बोलते का?"

तिसरा फोन मातोश्रींनी स्वतः ओढून घेतला. "अरे, मीच ती आई!"

"या वयात अशी कामं करता, आजी? किती दिले त्यांनी?"

संध्याकाळपर्यंत तेलवाल्यानं पैसे परत मागितले. गायिकाबाई तर गाडीत बसतानाच पत्रकारांना सांगून गेल्या, की या बाईंना आपण प्रथमच पाहतो आहोत. 'या बाई' तेव्हा मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होत्या!

मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला. "डबा? हे काय गाण्यामागचं कारण झालं? पुढच्या रविवारी माफी मागा. नाहीतर सोमवारी पहाटे छत्र्या वाचा!"

महाराज घरी आले तर बायको रेडिओपाशीच बसली होती.

"अहो, इतकी वर्षं सुखानं खोटं बोललात. हे नसतं खूळ कुठून शिरलं?"

"पण ते खरं होतं!"

"असेल. तुम्हाला नाही शोभत."

महाराजांनी रात्रभर सत्याचा विचार केला. मग छत्रीचा केला. छत्री जिंकली.

पुढच्या रविवारी त्यांनी खर्जातल्या आवाजात श्रोत्यांची माफी मागितली. ती म्हातारी तोतया होती, आपली फसवणूक झाली, खऱ्या मातोश्री त्याच दिवशी, त्याच कडव्याआधी गेल्या. "त्या माउलीसाठी आपण दोन मिनिटं शांतता पाळू या."

लाल दिवा जळत होता. घराघरांत भक्तमंडळी कंबरेचे पट्टे सावरत उभी होती. महाराज खाली मान घालून बसले. मनातलं काहीतरी घशाशी आलं आणि गिळता गिळेना. शेवटी ते खोकले.

शांतता संपली, गाणं सुरू झालं आणि काचेपलीकडून इंजिनीअरनं फोन उचलून महाराजांना खूण केली.

"कोण, मातोश्री?" महाराजांनी घाईघाईनं फोन कानाला लावला. "मला माफ करा, मी..."

"ते राहू दे. शांतता छान होती," मातोश्री म्हणाल्या. "पण मध्ये कोणीतरी खोकलं. त्या मेल्याला कापून टाक!"