तात्यासाहेबांचा निरोप समारंभ

आमचा संघ हरत होता, ही बाब प्रथम नोंदवून ठेवतो. संघाचे नाव टॉवर इलेव्हन. शहागंजात जी माणसे दुकानात गिऱ्हाईक नसताना फुटबॉलवर बोलतात, त्या सर्वांचा हा संघ. त्या वर्षी जिल्हा लीगच्या अ गटात दहा संघ होते आणि सात सामने झाले तेव्हा आम्ही दहावे होतो. अकरावा संघ नव्हता म्हणून.

दहावे राहणे परवडणारे नव्हते. खाम नदीच्या अलीकडचे आमचे मैदान एका ट्रस्टच्या मालकीचे होते आणि संघ अ गटात आहे तोवरच ते क्लबकडे राहील, असे करारात कलम होते. दहावा संघ ब गटात ढकलला जायचा. ट्रस्टला तिथे सिमेंटचे गोदाम बांधायचे होते. त्यांचा एक माणूस दर सामन्याला येऊन विरुद्ध संघासाठी मनापासून टाळ्या वाजवायचा.

मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती. तिच्यात मुंजाबा आणि त्याची बायको म्हाळसाबाई एकोणीस वर्षे राहत होती. मुंजाबा वेरूळकडचा, मेंढरे वळणाऱ्या घरातला. तो मैदानावर रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायचा आणि पाच शेळ्या पाळायचा. मैदान गेले तर त्याचे घर जाणार होते. आमचे काय, आम्ही दुसऱ्या कशावर तरी बोललो असतो.

संघाचे मॅनेजर होते तात्यासाहेब. ते एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. फुटबॉलशी त्यांचा संबंध कसा आला, हे सांगायला हवे. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात एक वक्ता भाषणाच्या ओघात म्हणून गेला की, अशा शिस्तप्रिय माणसाचे मार्गदर्शन टॉवर इलेव्हनसारख्या संघाला लाभले पाहिजे. बोलणाऱ्याला स्वतःला ते पटलेले नव्हते. पण तात्यासाहेबांनी खिशातून डायरी काढून ते वाक्य लिहून घेतले आणि सोमवारी सकाळी मैदानावर हजर झाले.

पराभवाविषयी त्यांची भूमिका स्वच्छ होती. चार शून्यने हरलो त्या दिवशी समर्थक मंडळाचे अध्यक्ष पुंजारामभाऊ त्यांना गाठून बोलले. पुंजारामभाऊंचे मोंढ्यात बियाण्यांचे दुकान, गावाकडे जमीन, आणि आवाज असा की पेनल्टीच्या वेळी गोलकीपर वळून बघायचा.

"तात्यासाहेब, चार गोल झाले की हो आपल्यावर."

"त्यांनी केले," तात्यासाहेब म्हणाले. "त्याचा खुलासा त्यांच्या मॅनेजरकडे मागा. माझ्या अखत्यारीत जे गोल येतात, ते झालेलेच नाहीत. जे झालेच नाही त्याबद्दल मी काय उत्तर देऊ?"

"पण लोक वरडायलेत ना."

"प्रेक्षकांचा दर्जा घसरला आहे. त्यावर मी टिपण तयार करतो आहे."

ते टिपण खरोखर तयार झाले. त्यात आपल्या अर्ध्या मैदानात चेंडू किती वेळ होता याचे मिनिटांनिशी कोष्टक होते आणि ती आपली जमेची बाजू असल्याचा निष्कर्ष होता.

साऱ्या हंगामात आम्ही एकच गोल केला. तो कारभारीने केला. कारभारी डावीकडचा बचावपटू. समोर मैदान मोकळे दिसले म्हणून तो चेंडू घेऊन पळत सुटला आणि थेट गोल मारून आला. सामना आम्ही सहा एकने हरलो, तरी लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन शहागंजातल्या घड्याळाच्या टॉवरपर्यंत नेले. दुसऱ्या दिवशी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नेमून दिलेली जागा पूर्वपरवानगीशिवाय सोडल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, असे त्यात विचारले होते. यापुढे मॅनेजरच्या इशाऱ्याशिवाय मधली रेघ ओलांडू नये, अशी समजही दिली होती. कारभारीने ती नोटीस घडी करून मोज्यात ठेवली आणि तेव्हापासून तो रेघेपाशी आला की थांबू लागला.

गुणही एकच मिळाला. तो मुंजाबाच्या शेळ्यांनी मिळवला. आमच्याइतकेच मन लावून हरणारा आणखी एक संघ गटात होता. त्यांच्याशी शून्य शून्य चालू असताना पन्नासाव्या मिनिटाला पाचही शेळ्या मैदानात आल्या, दोन त्यांच्या गोलात जाऊन बसल्या आणि काही केल्या उठेनात. शेवटी पंचाने सामना संपवून दोन्ही संघांना एकेक गुण दिला. तात्यासाहेबांनी अहवालात त्याला 'संयमी खेळाचे फळ' म्हटले आणि मुंजाबाला लेखी हुकूम दिला की शेळ्या आठ दिवसांत मैदानाबाहेर हलवाव्यात. मुंजाबाने त्या वेरूळला बहिणीकडे पोचवल्या. संघाला गुण मिळवून देणारे पाच खेळाडू असे एका कागदाने बाहेर गेले.

सातव्या सामन्यानंतर शहागंजातल्या हॉटेलात समर्थक मंडळाची बैठक भरली. मी मंडळाचा चिटणीस. तात्यासाहेबांच्या चुका मी एका वहीत उतरवल्या होत्या, सत्तावीस भरल्या. पुंजारामभाऊंनी टेबलावर मूठ आपटली.

"ह्यो मॅनेजर नाय, पनवती हाय. काढायचा म्हंजी काढायचा."

सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे रहीम उस्ताद कोपऱ्यात बसले होते. तरुणपणी ते टॉवर इलेव्हनचे सेंटर फॉरवर्ड होते. ते म्हणाले, "मेरेकू खाली दो मॅच देव. एक तो निकालके देतुं."

सगळ्यांना ते पटले. ठराव झाला. क्लबची कार्यकारिणीही तयार होती. तिचे म्हणणे एवढेच की, तात्यासाहेबांना सन्मानाने जायला लावा, बाकीचे आम्ही बघतो.

आता प्रश्न उरला तो त्यांना सांगायचे कसे. आपल्याकडे माणसाला 'जा' असे सांगायची पद्धत नाही. त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, हार आणि भाषणे झाली की माणूस आपला आपण समजून घरी जातो. तोंडावर दोन शब्द बोलायचा वाईटपणा कोणालाच घ्यावा लागत नाही. तेव्हा येत्या रविवारी मैदानावरच निरोप समारंभ करावा, असे एकमताने ठरले. मुंजाबा हॉटेलच्या दारात उभा होता. त्याने विचारले, "सरळ सांगायला काय हुतंय? म्या सांगू का?"

"मुंजाबा, जनाची नाय तर मनाची काही असू दे. मोठा मानूस हाय त्यो," पुंजारामभाऊ म्हणाले.

पत्रिकेचा मसुदा मी रीतीप्रमाणे सत्कारमूर्तींना दाखवायला नेला. तात्यासाहेबांनी लाल पेनाने त्यातला 'निरोप' हा शब्द खोडला. मंगल प्रसंगाच्या पत्रिकेत तो बरा दिसत नाही, असे ते म्हणाले. सत्कारमूर्तींच्या शब्दाबाहेर कसे जायचे? पत्रिका 'गौरव समारंभ' म्हणून छापली गेली. निरोपाचे आपण भाषणातून सुचवू, असे आम्ही आपापसात ठरवले.

समारंभ देखणा झाला. मंडपात मागे बसलेल्यांनाही ऐकू येईल अशी कर्ण्याची सोय होती. वक्ते अकरा होते आणि प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती, हे संघाच्या बाबतीत कधी घडले नव्हते. सूत्रसंचालन माझ्याकडे होते.

पहिले पुंजारामभाऊ उठले. माईक हातात आला आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तात्यासाहेब म्हणजे शिस्त," ते शुद्ध भाषेत म्हणाले. "हार जीत होत राहते. पण हरावे कसे, हे आम्हाला तात्यासाहेबांनी शिकवले." टाळ्या पडल्या. मग कारभारी बोलला. तात्यासाहेबांची नोटीस आपण जिवापाड जपली आहे, असे सांगून त्याने ती मोज्यातून काढून दाखवली. रहीम उस्ताद तर म्हणाले, "ऐसा मॅनेजर नसीबसे मिलता." खाली उतरल्यावर ते स्वतःवरच चिडले होते, पण तोवर त्यांनाही टाळ्या मिळाल्या होत्या.

अकरावा मी. खिशात सत्तावीस चुकांची वही होती. मी म्हणालो, "तात्यासाहेब नसते, तर आज हा संघ कुठे असता?" हा प्रश्न मी मनापासून विचारला होता. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. त्या ऐकून मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे झाले आणि मी आणखी सहा मिनिटे बोललो. काय बोललो ते इतिवृत्तात आहे. वाचायची माझी हिंमत नाही.

तेवढ्यात मंडपाच्या कडेला मुंजाबा उभा राहिला. तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

"मायबाप, तुमी समदे हॉटेलात येक बोलता अन् हितं येक बोलायलात. कामून? ह्यांना जाऊ द्या ना आता. माझं घर जायलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. 'मुंजाबा बोलतोय ते खरे आहे,' एवढे पाच शब्द मला म्हणायचे होते. माईक हातात होता आणि चालू होता. मी म्हणालो, "आपले जुने सेवक मुंजाबा या प्रसंगी अत्यंत भावनाविवश झाले आहेत. त्यांच्या भावनांचा आपण आदर करू या."

लोकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. म्हाळसाबाईने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले.

तात्यासाहेब उत्तरादाखल पाऊण तास बोलले. अकराही भाषणे त्यांनी डायरीत टिपून घेतली होती. शेवटी त्यांनी चष्मा पुसला. "खरे सांगतो, मी राजीनामा खिशात घालून आलो होतो," ते म्हणाले. "पण हे प्रेम पाहून तो फाडण्यावाचून माझ्यापुढे पर्याय उरलेला नाही." आणि त्यांनी तो सर्वांसमोर फाडला. अशा वेळी जे करायचे असते तेच आम्ही केले. उभे राहून टाळ्या वाजवल्या. थांबणारा पहिला माणूस कोणालाच व्हायचे नव्हते, म्हणून त्या बराच वेळ वाजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पुंजारामभाऊंनी कार्यकारिणीकडे संतप्त अर्ज दिला. उत्तर चौथ्या दिवशी आले. सोबत आमच्याच इतिवृत्ताची प्रत जोडली होती आणि मंडळाच्या एकमुखी भावना लक्षात घेऊन तात्यासाहेबांना दोन वर्षे मुदतवाढ दिल्याचे कळवले होते. इतिवृत्ताखाली सही माझी होती.

आठवा सामना पाच शून्यने गेला. शेवटच्या सामन्याआधी हिशेब सोपा होता. शेळ्यांच्या सामन्यातला तो दुसरा संघ आपले सगळे सामने खेळून एकाच गुणावर अडकला होता. आम्हाला नुसती बरोबरी पुरली असती. आदल्या दिवशी पुंजारामभाऊ मुंजाबाच्या खोलीवर गेले.

"मुंजाबा, उद्या पन्नासाव्या मिनटाला तेवढ्या शेळ्या सोड बाबा."

"शेळ्या वेरूळला हायेत भाऊ. सायबाचा हुकूम हुता. तवा तुमीच म्हनला, कागद आलाय तर ऐकावं लागतं."

सामन्यात तिसाव्या मिनिटाला आमच्यावर एक गोल झाला. मग शेवटच्या मिनिटाला चेंडू कारभारीकडे आला. त्यांचा सगळा संघ आमच्या गोलपाशी जमला होता, गोलकीपरसुद्धा हौसेने पुढे आला होता. कारभारी चेंडू घेऊन धावला. पुढे कोणी नव्हते. अर्ध्या मैदानापलीकडे गोल उघडा पडला होता. कारभारी मधल्या रेघेपाशी आला आणि थांबला. पायाखाली चेंडू धरून त्याने बाकाकडे पाहिले. आम्ही शेकडो माणसे ओरडत होतो, पण इशारा आमच्याकडून यायचा नव्हता. तात्यासाहेब डायरीत पान शोधत होते. ते सापडून त्यांनी मान वर केली तेव्हा पंचाची शिट्टी वाजून गेली होती.

"बघा," तात्यासाहेब पुंजारामभाऊंना म्हणाले, "पोरात शिस्त आली की नाही?"

ट्रस्टने पंधरा दिवसांत मैदान ताब्यात घेतले. गोलचे खांब उपटून पत्र्याच्या खोलीपुढे रचले आणि मग खोलीही पाडली. आम्हाला वाईट वाटले. फार वाईट वाटले, खोटे सांगत नाही. म्हणून आम्ही मुंजाबाचा सत्कार केला.

तो हॉटेलासमोर झाला. अध्यक्षस्थानी तात्यासाहेब होते. शाल, श्रीफळ, अकरा वक्ते. मुंजाबाने एकोणीस वर्षे या मातीची सेवा कशी केली, यावर मी आठ मिनिटे बोललो आणि माझे डोळे खरोखरच पाणावले. म्हाळसाबाई बोचकी घेऊन वेरूळच्या बसची वाट बघत रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मुंजाबाला दोन शब्द बोलायला सांगितले. त्याने नारळ तेवढा काखेत घेतला आणि शाल घडी करून माझ्या हातात दिली.

"ही ठिवा तुमच्यापाशी," तो म्हणाला. "सायबाला जायचंय अजून."

टाळ्या पडल्या. तो रस्ता ओलांडून गेला.

शाल माझ्या कपाटात आहे. मध्यंतरी ही हकीकत मी एका ओळखीच्या कारकुनाला सांगितली, तर तो पोट धरून हसला. मग मी त्याला विचारले की, ज्या साहेबाची बदली झाली म्हणून तू ऑफिसात पेढे वाटलेस, त्याच्या निरोपाला माईकवर काय बोललास? त्यानंतर तो माझ्याशी नीट बोलत नाही.

तुम्हालाही तेच विचारणार होतो, पण राहू द्या. पुढच्या रविवारी तात्यासाहेबांची एकसष्टी आहे. मंडप ठरला, हार सांगितले. दहा वक्ते झालेत, अकरावी जागा रिकामी आहे. तुमचे नाव लिहितो. दोनच मिनिटे बोलायचे आहे, आणि काय बोलायचे ते तुम्हाला ठाऊक आहे.