दोन पानांतले डॉक्टर सबनीस

डॉक्टर सबनीसांनी स्वतःबद्दल काही सांगितलं, की दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स आपल्या दारात यायची. चौथीत वक्तृत्वात पहिला आलो होतो, असं ते एकदा जेवताना बोलून गेले. सकाळी मी ऑफिसला निघतोय, तर हे दारात, प्रमाणपत्र घेऊन उभे. मागे नोटरी, मंत्रालय, दूतावास, सगळ्यांचे शिक्के. "अटेस्टेड आहे," ते म्हणाले, आणि मला ते पूर्ण वाचायला लावलं.

आखातात शिक्क्यावाचून माणसाचं पान हलत नाही, हे खरं. पण नव्वदच्या दशकात शारजात आमच्या शेजारी राहणारे हे डॉक्टर म्हणजे कळसच. औषधांचे नव्हेत, गवताचे डॉक्टर. खाऱ्या पाण्यावर गवत वाढवायचं, हा त्यांचा ध्यास. साठी जवळ आली होती आणि साठीला नोकरी, व्हिसा, दोन्ही खलास. वाफ्यातलं गवत मात्र अजून तीन वर्षं मागत होतं.

अशात अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने तिथल्या केंद्र सरकारच्या ग्रँटसाठी त्यांना बरोबर घ्यायचं ठरवलं. ग्रँट मिळाली तर नोकरी तीन वर्षं वाढणार होती. त्याने मागितलं एवढंच: संशोधकाचा परिचय, दोन पानांत, गुरुवारपर्यंत.

डॉक्टर माझ्या कॉम्प्युटरपाशी आले ते एकतीस पानं घेऊन. वर पासपोर्ट फोटो, वडिलांचं नाव, उंची, रक्तगट. खाली शिक्क्यांचा गठ्ठा.

"अंकल, दे डोंट वाँट युअर हाइट," माझी मुलगी म्हणाली.

"बेटा, ब्लँक सोडलं की ॲप्लिकेशन परत येतं. वीस वर्षांचा एक्स्पीरियन्स आहे माझा."

मी नियम वाचून दाखवला. दोन पानांच्या वर एक ओळ गेली तरी अर्ज बाद. डॉक्टरांनी तो नियम स्वतः दोनदा वाचला. मग बाह्या सरसावून म्हणाले, "यल्ला! चला, कापा."

आणि कापलं हो त्यांनी! उंची गेली. वक्तृत्व गेलं. परिषदांची नऊ पानं गेली. "डिलीट" म्हणताना दाढ काढून घेतल्यासारखा चेहरा व्हायचा, पण मागे हटले नाहीत. बुधवारी संध्याकाळी दोन पानं झाली आणि वर एक ओळ उरली.

निवडक पाच शोधनिबंधांची यादी होती. पाचवा अगदी जुना, कुठल्याशा कॉलेजच्या पत्रिकेतला. पहिलं नाव एम. व्ही. कारखानीस, दुसरं सबनीस.

"हा काढू या," मी म्हणालो. "पहिलं नाव तुमचं नाहीच."

"तो राहणार."

"अहो, अमेरिकेत कोण विचारतंय त्याला?"

"राहणार म्हणजे राहणार. खलास!"

त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. त्यांनी माउस स्वतःकडे ओढला आणि विद्यापीठाच्या सुवर्णपदकाची ओळ पुसून टाकली. मला खरंच वाईट वाटलं.

प्रिंट निघत होती तेवढ्यात त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, कोथिंबीरवड्या घेऊन आल्या. या देशात काकूंची ओळख व्हिसावर लिहिली होती तेवढीच: हाउसवाइफ. त्यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला.

"अहो, गोल्ड मेडल राहिलं की!"

"जागा नव्हती."

काकू वाचत खाली आल्या आणि पाचव्या निबंधापाशी थांबल्या.

"कारखानीस माझं माहेरचं नाव," त्या मला म्हणाल्या. "प्रयोग माझा होता. हे वाफ्यांना पाणी घालायला यायचे."

"सीनियर होती माझी," डॉक्टर प्रिंटरकडे बघत म्हणाले.

काकूंनी चष्मा काढून पुसला. मीही उगाच वडी उचलली.

सहा महिन्यांनी ग्रँट मंजूर झाली. त्या शुक्रवारी मीच दोघांना गाडीने प्रयोगाच्या शेतावर नेलं. वीस वर्षांत काकू तिथे पहिल्यांदाच येत होत्या. साडी सावरत त्या वाफ्यापाशी बसल्या, मूठभर माती उचलून बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "पाणी जास्त देताय."

डॉक्टरांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.