हनीफ टायर वर्क्सपर्यंत

काळेवाडीच्या हनीफने पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर टेम्पोत चढवला आणि तेवढ्यात मारुतराव आडवे आले. मारुतराव जुन्या गावकीतले. यंदा नगरसेवक होणारच, असा पण करून बसलेले.

"उतरवा ते. तुमाला हलता येणार न्हाई."

"का बरं? मोशीला मोठा गाळा मिळालाय, मागं राहायला खोली हाय. शुक्रवारपर्यंत चावी घेतली नाही तर मालक दुसऱ्याला देणार."

"आवो, तुमी आता दुकानदार ऱ्हायला न्हाई. तुमी हद्द हाय."

मारुतरावांनी खिशातून नव्या प्रभागरचनेचा मसुदा काढला. शहराचे प्रभाग पाडताना साहेबलोकांना खुणा लागतात. कुठे नाला, कुठे देऊळ, कुठे पाण्याची टाकी. इथे बिचाऱ्यांना काहीच सापडले नसावे, कारण चक्क छापले होते, 'पूर्वेची हद्द : नाल्यापासून हनीफ टायर वर्क्सपर्यंत.' बारा वर्षे पंक्चर काढून जे नाव गल्लीबाहेर गेले नव्हते, ते सरकारदरबारी जाऊन बसले होते. हनीफला घटकाभर बरेही वाटले.

"दुकान सरकलं तर हद्द सरकंल. मग आमच्या भावकीच्या तीन गल्ल्या पलीकडच्या प्रभागात जातील. मतं कुणाची मागू मी?"

मारुतरावांची पाठ वळते न वळते तोच ज्योतीराम हजर. हे मारुतरावांचे विरोधक.

"हनीफभाई, बिनधास्त जा. टेम्पो माझा, पोरं माझी. फक्त जाताना बोर्ड तेवढा समोरच्या सोसायटीच्या गेटाला टेकवा. अर्धा तास. हद्द तपासायला येणारे साहेब बघून जाईपर्यंत. म्हणजे सोसायटीची मतं आपल्या प्रभागात."

मग काय, दोन दिवस नुसता तमाशा. ज्योतीरामांची माणसे सामान चढवीत, मारुतरावांची उतरवीत. दोघांचाही चहा हनीफच्याच घरून. गुरुवारी रात्रीचा स्वयंपाक उरकताना जमिला शांतपणे म्हणाली, "उद्या चावी नाही घेतली तर मी एकटी मोशीला जाते. तुम्ही बसा इथं हद्द होऊन."

नवऱ्याला एवढे पुरते. शुक्रवारी सकाळीच हनीफने निवडणुकीचे कार्यालय गाठले. हरकतींच्या टेबलावर सुजित नावाचा कारकून होता.

"साहेब, मी हनीफ टायर वर्क्स. मला मोकळं करा."

सुजितने मान वर केली. हरकत घेणारे त्याने शेकड्यांनी पाहिले होते. हद्द स्वतःच्या पायांनी चालत आलेली पहिल्यांदाच पाहत होता.

"हलताय म्हणजे पत्ता बदलला. मसुद्यात चुकीचं राहून चालणार नाही काका. नवा पत्ता लिहून द्या, दुरुस्ती करतो."

हनीफने सुवाच्य अक्षरात पत्ता लिहिला आणि पोच घेतली. पोचेवरचा गोल शिक्का बघून दोन्हीकडची माणसे गप बाजूला झाली. शिक्क्याशी कोण भांडणार? संध्याकाळी मोशीच्या गाळ्याची चावी जमिलाच्या हातात होती.

पंधरा दिवसांनी अंतिम रचना लागली. सुजितने कामात कसूर केली नव्हती. 'पूर्वेची हद्द : नाल्यापासून हनीफ टायर वर्क्स, मोशी, इथपर्यंत.' काळेवाडीतून निघालेली रेघ दहा-बारा किलोमीटर पळत निम्मे शहर पोटात घेऊन इंद्रायणीजवळ येऊन थांबली होती.

रविवारी हनीफने शटर उघडले तर बाहेर मारुतराव आणि ज्योतीराम, दोघेही हात जोडून. घामाघूम.

"हनीफभाई, आता ह्ये समदं आमालाच फिरायचं हाय," मारुतराव टायरवर बसत म्हणाले. "या वयात."

हनीफला मनापासून वाईट वाटले. तो चहा सांगायला वळला, तोच आतून जमिलाचा आवाज आला.

"अहो, इथं नळाला पाणीच येत नाही. आळंदी रोडला, पाच किलोमीटर पुढं, एक गाळा रिकामा आहे म्हणे. बघून येऊ या का?"

मारुतराव ताडकन उठले. ज्योतीरामांनी त्यांचा हात धरला. जन्माचे वैरी पहिल्यांदाच एका सुरात बोलले, "वहिनी, पाणी आजच येईल."