कुलूप कंपनीचा भाव

मास्तरांनी फोन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली इतकी नीट लपवली, की दुसऱ्या दिवशी ती त्यांनाच सापडेना.

फोन कोंडायचा सल्ला लेकीचा. "बाबा, दिवसातून चाळीस वेळा बघितल्याने भाव काय वर येणारे? ठेवा तो फोन कपाटात!"

निवृत्तीच्या पैशांतला निम्मा वाटा मास्तरांनी एका कुलूप बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घातला होता. आंधळी उडी नव्हती. गणिताचे मास्तर ते. कंपनीवर कर्ज किती, नफा किती, सगळं महिनाभर वहीत मांडून त्यांनी शेअरची खरी किंमत काढली होती चारशे, आणि घेतला होता तीनशे दहाला. खाली लाल शाईत शेराही मारला होता : 'मंदी आली तरी चोर रजेवर जात नाहीत.' अभ्यास म्हणून कंपनीचं एक कुलूपसुद्धा विकत आणलं होतं; तेच आता कपाटाला होतं. मग मंदी खरोखरच आली आणि शेअर एकशे चाळीसवर येऊन बसला.

फोन कोंडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे पडझडकाका दारातूनच ओरडले. त्यांनी आणलेल्या बातमीत काहीतरी कोसळलेलंच असे, म्हणून हे नाव.

"मास्तर, एकशे बावीस! लोक नवी घरं घेईनात, कुलपं काय हवेला लावणार? विकून मोकळे व्हा, नाहीतर हाती भोपळा!"

मास्तर कपाटाकडे धावले. अख्खं आयुष्य खडू झिजवून जमवलेली पुंजी ती. विकायचं तर ओटीपी त्याच फोनवर येणार, फोन कपाटात, आणि बाजार साडेतीनला बंद.

"अगं, किल्ली पाहिलीस का?"

बायकोचं त्या दिवशी मौन होतं. आठवड्यातून एक दिवस, चार वाजेपर्यंत, ना बोलणं ना लिहिणं. पंचवीस वर्षांत तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. दूध उतू जातानासुद्धा नाही. तिने शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी घड्याळ उतरवून मागचं झाकण उचकटलं. किल्ली नव्हती, एक स्प्रिंग मात्र टणकन उडून पिठाच्या उघड्या डब्यात पडली. मास्तरांनी डबा चाळला. स्प्रिंग सापडली, पण तोवर मास्तर नखशिखांत पांढरे झाले होते.

"अहो, भाव पडला म्हणून राख कसली फासताय?" म्हणत काका हातोडा घेऊन आले. तिसऱ्या घावाला हातोड्याचा दांडा निखळला. कुलपावर ओरखडाही नव्हता.

शेवटी कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने तारा घातल्या, आकडे घातले, ड्रिल लावलं. ड्रिलचं टोक मोडलं तसा त्याने घाम पुसला.

"मास्तर, हे काही उघडत नाही. कपाटाचा पत्रा कापू?"

"कापा, कापा! अजून वीस मिनिटं आहेत!" काका म्हणाले.

मास्तरांचे कान मात्र उभे राहिले होते. "उघडत नाही म्हणजे? अजिबात?"

"बाकीच्यांची दोन मिनिटांत खोलतो हो. ही कंपनी म्हणजे आमच्या पोटावर पाय."

"आणि मंदीत खप कमी झाला असेल ना?"

"छे! वाढलाय. माणसाकडे थोडंच उरलं, की तो ते जास्त घट्ट बंद करतो."

मास्तरांनी पिठाळलेल्या हातांनी वही उघडली. आकडे तेच होते. कर्ज अजूनही शून्यच. आठवडाभर त्यांनी भाव पाहिला होता. वहीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"पत्र्याला हात लावू नका," ते म्हणाले.

"अहो, बुडाल!"

"बुडालो तर माझ्या गणिताने बुडेन, काका. तुमच्या ओरडण्याने नाही."

साडेतीन वाजले. काकांच्या फोनवर भाव एकशे अठरावर थांबला. कुलूपवाल्याने जाताना हळूच विचारलं, "मास्तर, हा शेअर आमच्यासारख्याला मिळतो का हो?"

काका मनगटावरचं घड्याळ बघत मुक्काम ठोकून बसले होते. "चार वाजले. बसा आता हरी हरी करत."

"किल्ली माझ्याकडे आहे," बायको म्हणाली. आणि तिने ती टेबलावर ठेवली.

मास्तर किल्लीवर वाकले.

"तुमच्या चपलेत होती. सकाळी झाडताना मिळाली."

"मग द्यायची ना! मौनात हातही बांधलेले असतात का?"

"घड्याळ दाखवलं की. चारनंतर देते म्हटलं." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "घेताना महिनाभर विचार केलात. विकायला पाच मिनिटंही लावत नव्हतात. म्हटलं, देवा, चार वाजेपर्यंत तेवढं निभावून ने."

फोन हाताशी असता तर आजच सगळं मातीमोल भावात विकून बसलो असतो, हे मास्तरांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी कुलपाला हात जोडले, मग वळून बायकोलाही. किल्ली उचलून त्यांनी तिच्याच ओंजळीत ठेवली.

"फोन राहू दे आतच. लेकीला मी तुझ्या फोनवरून सांगतो. आणि पुढच्या वेळी तुझ्याबरोबर मीही मौन धरीन."

"धरा की," ती हसून म्हणाली. "पण आधी ते घड्याळ जोडा. नाहीतर आपले चार वाजणार कधी?"