माहेरी निघालेलं पाणी

मंजिरीच्या कॉम्प्युटरला थंड ठेवणाऱ्या पाण्यानं पंचमीच्या तोंडावर माहेरी जायची रजा मागितली.

मागणं रीतसर होतं. पाणी टेबलावरच्या काचेच्या टाकीत राहायचं. पंप त्याला नळ्यांतून फिरवायचा, ते कॉम्प्युटरची उष्णता अंगावर घ्यायचं आणि पातळ पत्र्यांच्या जाळीत जाऊन निवायचं. मंजिरी घरात बसून अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायची आणि तो आवाज कॉम्प्युटरमध्ये साठवायची. आधी नुसते पंखे होते. त्यांची घरघर वाचनात यायची, म्हणून तिच्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, ही पाण्याची सोय केली. दुकानदारानं सोबत शुद्ध पाण्याची बाटलीही दिली होती. पण त्याच दिवशी धैर्यशीलचे वडील शिदोबा करंजओढ्याचं घर बंद करून कोल्हापूरला कायमचे राहायला आले, ते गावच्या विहिरीची कळशी भरून घेऊनच. नव्या वस्तूला घरचं पाणी दाखवायची त्यांची रीत. बाटली तशीच राहिली आणि टाकीत विहीर गेली.

तेव्हापासून खोली इतकी शांत झाली, की वाचताना पान उलटायचं तरी मंजिरी जपून उलटायची.

"मला इथं काही कमी नाही," पाणी टाकीतून म्हणालं. "पण पंचमीला लेकी माहेरी जातात. मी अजून एकदाही गेलेलं नाही."

"खरं आहे," मंजिरी म्हणाली. "मी बोलते घरात."

धैर्यशीलनं दुकानात फोन लावला. दुकानदारानं कागद पाहून सांगितलं, "गळती, पंप, नळी हे सगळं वॉरंटीत येतं. माहेरपण येत नाही. तुम्ही सोयी वाढवून बघा. रमेल."

मग सोयी वाढवल्या. गॅलरीत मोठी जाळी बसवली, म्हणजे पाण्याला वारा लागेल. पंपाची गती कमी केली, म्हणजे फार धावपळ होणार नाही. पंपाची बारीक थरथर टेबलाला लागायची, तर शिदोबांनी त्याच्याखाली जुन्या गोधडीची घडी घातली. आता हात लावून पाहिल्याशिवाय पंप चालू आहे हे कळेना. पाण्यानं सगळ्याचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून फिरायचं थांबवलं. भांडण नाही, तक्रार नाही. टाकीत गॅलरीकडे तोंड करून बसून राहिलं. कॉम्प्युटर तापला आणि वाचन बंद पडलं.

शिदोबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"मी दिलंय त्याला ह्या घरात," ते म्हणाले. "भरताना बोललो हुतो, वरसातनं एकदा माहेरी धाडीन म्हणून. शबूद माझा हाय."

"एवढंच ना आबा? गाडी काढतो," धैर्यशील म्हणाला.

पाणी बरणीत भरलं. टाकीत तोवर दुकानातलं पाणी घातलं. बापलेक करंजओढ्याला गेले. गावात आता घरोघरी नळ आला होता, त्यामुळे विहिरीवर कुणी येत नव्हतं. काठावर घाणेरी माजली होती. धैर्यशीलनं बरणीचं झाकण काढलं आणि ती विहिरीवर उपडी धरली.

"वत की," शिदोबा म्हणाले.

"ओततोय आबा. पडत नाही."

"कसं पडू?" उपड्या बरणीतून पाणी म्हणालं. "मुराळी कुठं आहे? न्यायला माहेरचं कुणी आलं नाही, सासरच्यांनीच आणून सोडलं, तर विहीर काय म्हणेल?"

"आरं, मी तुझ्या माहेरचाच न्हवं?"

"होतात. आता तुम्ही कोल्हापूरला राहता."

 शिदोबा विहिरीवरच्या करंजाकडे पाहत उभे राहिले. त्यांची बायको पारूबाई हयात होती तेव्हाची गोष्ट. बांधावरून दोन्ही घरांत भांडण झालं आणि तिचा भाऊ तिला न्यायला यायचा बंद झाला. दर पंचमीला ती पिशवी भरून उंबऱ्याशी बसायची. "चल, मी सोडतो," शिदोबा म्हणायचे. ती म्हणायची, "मुराळ्याबिगर गेलेली पावणी हुती, लेक न्हाई." एका साली शिदोबांनी तिच्यासाठी ह्याच करंजाला झोका बांधला. ती आली, दोरीला हात लावला, हसली आणि न बसताच माघारी गेली. दोरीनं फांदीला पडलेला घट्टा अजून दिसत होता.

बरणी सुलटी करून दोघं परत आले.

टाकीत घातलेलं दुकानचं पाणी कामाला चोख होतं. आवाज नाही, तापणं नाही. बोलणंही नाही. मंजिरीचं वाचन सुरू झालं. विहिरीच्या पाण्याची बरणी शिदोबांनी आपल्या खोलीतल्या खिडकीत ठेवली. दोघं रस्त्याकडे बघत बसायचे.

शिदोबांनी गावी भावकीतल्या रंगरावला फोन केला. "विहिरीकडनं कुणीतरी मुराळी म्हणून ये की रं."

"कोण येणार?" रंगराव म्हणाला. "हीर सामाईक. एकटा गेला, तर बाकीचे म्हणणार, ह्याला हक्क सांगायचाय. समदीच निघाली, तर ट्रॅक्टर लागंल. आन् ट्रॅक्टरबी सामाईकच हाय."

"मंग कोणच न्हाई?"

"न्हाई बघ, तात्या."

शिदोबांनी हे पाण्याला सांगितलं नाही. पाण्यानंही विचारलं नाही. गौरी आल्या, गेल्या. दसरा गेला.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी दाराच्या तळाशी टकटक झाली. मंजिरीनं दार उघडलं. आधी कुणी दिसलं नाही. मग तिनं खाली पाहिलं. उंबऱ्याबाहेर एक कासव उभं होतं. पाठीवर धूळ आणि डांबराचे डाग.

"करंजओढ्याचं पाणी इथंच दिलंय का?"

"हो. आपण?"

"मुराळी."

मंजिरी लगबगीनं तांब्या घेऊन आली. तिनं त्याचे चारही पाय धुतले, पाट मांडला आणि हाक मारली, "मामंजी, पाहुणे आलेत."

शिदोबा आले आणि दारातच थांबले. पाठीच्या कडेचा टवका त्यांनी ओळखला. ते पोरसवदा असताना, पाणी निर्मळ राहावं म्हणून त्यांच्या वडलांनी हे कासव शिदोबांच्याच हातानं विहिरीत सोडलं होतं.

"गड्या, तू?"

"उशीर झाला," कासव म्हणालं. "वढा उतरंस्तवर थांबलो. फुडं डांबरी लई तापलेली."

"रंगरावनं धाडलं?"

"कोण रंगराव? तुम्ही कळशी भरली, त्याच दिवशी निघालोय मी."

"आन् बोलावणं?"

"बोलावणं पावण्याला असतं. लेक निघाली, की मागनं मुराळी निघतो."

खिडकीतल्या बरणीत पाणी एकदा गोल फिरलं.

मंजिरीनं ते कळशीत ओतलं. कळशीच्या गळ्याला नवा खण गुंडाळला, वरून हळदकुंकू लावलं, नारळ-तांदळानं ओटी भरली. धैर्यशील रिक्षा आणायला गेला. शिदोबांनी कळशी उचलून दाराशी नेऊन ठेवली आणि ते बाजूला झाले.

"जावा सुखानं," ते म्हणाले. "करंजाला पालवी आली असंल आता."

कासव जागचं हललं नाही. "पिशवी कुठं हाय?"

"कसली पिशवी? वटी भरलीया की."

"तुमची. गावातनं दोघं एकाच दिवशी निघाला. मी काय दोनदा येऊ एवढ्या लांब?"

शिदोबा पाटाशेजारी खाली बसले. बराच वेळ त्यांनी कासवाच्या पाठीवरची धूळ उपरण्यानं पुसली. जे डाग निघत नव्हते, तेही पुसत राहिले. मंजिरी आत गेली आणि त्यांचं एक धोतर, दोन सदरे आणि पानाची चंची पिशवीत घालून घेऊन आली.

"परत कधी मामंजी?" तिनं विचारलं.

शिदोबांनी मुराळ्याकडे पाहिलं.

"ते तुमच्याकडनं कोण न्यायला येईल तवा," कासव म्हणालं.

स्टँडवर करंजओढ्याची गाडी लागली होती. शिदोबा खिडकीशी बसले. मांडीवर कळशी होती आणि शेजारच्या जागेवर कासव. कंडक्टर आला.

"कोण कोण?"

"माहेरी जाणारी दोघं," शिदोबा म्हणाले. "आन् ह्यो आमचा मुराळी."

कंडक्टरनं दोन तिकिटं दिली. मुराळ्याला तिकीट लागत नाही.